जकातीवाचूनचा माल

दिवाळीच्या पाडव्याला मुरबाडच्या बाजारपेठेतील दुकानदार नव्या वहीची पूजा करतो, तिच्यावर हळदकुंकू वाहतो आणि पहिल्या पानावर तारीख घालतो. त्या तारखेतले आकडे आपल्याला कोणी दिले, हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. ते वापरल्याबद्दल कोणाला काही द्यावे लागेल, अशी भीतीही वाटत नाही. या निर्धास्तपणामागे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा एक टप्पा त्याच्या तालुक्याच्या माथ्यावर, नाणेघाटात, दगडात कोरलेला आहे.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघाले की वैशाखरे लागते. त्याच्या पुढे जुनी वाट घाट चढू लागते. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळी याच वाटेने जुन्नरकडे जाई. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानला जाणारा लेख आहे. यज्ञ आणि दाने यांची ती यादीच म्हणावयाची: अमुक यज्ञाला १,७०० गायी, १० हत्ती, असे मोजून दिलेले दान. या संख्या अंकांच्या खुणांनी कोरल्या आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ साली या अंकांवर निबंध लिहिला. शून्य तेथे नाही. दहा, शंभर, हजार यांना निराळ्या खुणा आहेत. परंतु चार, सहा, सात, नऊ यांच्या वळणांत आजच्या अंकांचे पूर्वरूप अभ्यासकांना दिसते.

पुढे या खुणांचा प्रवास झाला. शून्य आले, स्थानमूल्य आले. नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने हिंदी गणनपद्धतीवर अरबीत ग्रंथ लिहिला आणि १२०२ साली पिसा शहराच्या लिओनार्दोने ती युरोपातील व्यापाऱ्यांना समजावून दिली. ज्याच्या हाती आकडे आले त्याने ते वापरले, आपल्या लेखणीच्या वळणाने बदलले आणि पुढच्याच्या हवाली केले. मालाच्या गोणीला जकात होती, आकड्यांना नव्हती; म्हणून आकडे गोणीपेक्षा दूर गेले आणि वाटेत सुधारतही गेले.

अल्-ख्वारिझ्मीच्याच नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. अल्गोरिदम म्हणजे क्रमाने करावयाच्या कृतींची मांडणी. संगणकाला समजेल अशा भाषेत ती लिहिली की आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, तयार होते. ही आज्ञावली गोणीत मोडते की आकड्यांत, हाच आपल्या काळातला वाद.

आरंभी आज्ञावल्या यंत्राबरोबरच मिळत आणि जाणकार मंडळी त्यांत दुरुस्ती करीत. पुढे त्या स्वतंत्रपणे विकल्या जाऊ लागल्या आणि त्यांचे मूळ लेखन कुलपात गेले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात रिचर्ड स्टॉलमन यांना याचा अनुभव आला. प्रयोगशाळेतील नव्या छपाईयंत्रात कागद अडकत. उपाय त्यांना सुचत होता, परंतु मूळ लेखन मिळेना. १९८३ साली त्यांनी सर्वांना खुल्या राहतील अशा आज्ञावल्या लिहिण्याचा संकल्प जाहीर केला.

येथे कायद्याची एक गंमत सांगितली पाहिजे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आज्ञावली ही ‘साहित्यकृती’त मोडते! कथा लिहिताच तिचा हक्क आपोआप निर्माण होतो, तसाच आज्ञावलीचाही. त्यामुळे ती नुसती उघडी ठेवून भागत नाही. परवानगी लेखी द्यावी लागते. १९८९ साली स्टॉलमन यांनी असा सर्वसाधारण परवाना तयार केला: वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, मात्र बदललेली प्रत वाटाल तर पुढच्यालाही हेच हक्क द्या. किंमत घेण्यास त्यात मनाई नाही. मनाई आहे ती पुन्हा कुलूप लावण्यास.

याचा मराठीला काय लाभ? पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले ‘लोहित’ टंक रेड हॅट कंपनीने २००४ साली याच परवान्याखाली खुले केले. हिंदी वळणाचे ल आणि श मराठी डोळ्याला खटकतात. बंद टंकात ते निमूट सोसावे लागतात. खुल्या टंकात ते पालटावयाचे तर कोणाच्या दारी अर्ज घेऊन जावे लागत नाही.

मुरबाडला लागूनच कर्जत तालुका आहे. तेथल्या खैराट वाडीच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमातील छोटी हिरवी-पांढरी यंत्रे आली. त्यांतील मुलांसाठीची आज्ञावली खुल्या परवान्याची होती. कळफलकावर एक विशेष कळ होती: ती दाबली की चालू कार्यक्रमाचे मूळ लेखन समोर यावे, अशी योजना! तो उपक्रम पुढे ओसरला. यंत्रे जुनी होतात, आणि उघडून पाहण्याचा हक्क मिळाला तरी पाहणारे डोळे तयार करावे लागतात. परवाना दार उघडतो. आत पाऊल आपणच टाकावयाचे असते.

तरीही ते दार उघडे असणे शहापूर-मुरबाडला अगत्याचे आहे. येथल्या ठाकर, कातकरी, वारली मुलांच्या बोलीत गणिताचा खेळ कोणता व्यापारी तयार करील? गिऱ्हाईके थोडी. पण तयार खेळ खुला असेल, तर पाड्यावरचा एखादा शिक्षक त्यातील शब्द पालटून तो आपल्या वर्गाचा करू शकेल. शहापूरच्या तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पाणी दिले की देणाऱ्याकडचे तेवढे कमी होते. आज्ञावलीचे तसे नाही. ती मुंबईत राहून पाड्यावरही पोहोचते.

नाणेघाटच्या रांजणात आता पावसाचे पाणी साचते. पाडव्याच्या वहीत मात्र लेण्यातल्या अंकांचे वंशज नव्या शाईने पुन्हा उतरतात.