हार्बर शाखा : बंदराचा लोहमार्ग आणि उपनगरांचे प्रवासी

मुंबईच्या उपनगरी वाहतुकीचा इतिहास सांगताना १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेल्या आगगाडीपासून आरंभ करण्याची रूढी आहे. त्या दिवसाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु अशा आरंभामुळे एक समजूत नकळत दृढ होते. वस्ती उत्तरेकडे पसरत गेली आणि तिच्या पाठोपाठ गाड्या वाढत गेल्या, अशी ती समजूत होय. हार्बर शाखेचा इतिहास तपासला असता हा क्रम तेथे लागू पडत नाही असे दिसून येते. ही शाखा मूलतः मालासाठी आखली गेली. प्रवासी तिच्यावर मागाहून आले. आणि ज्या मालासाठी ती आखली गेली तो बव्हंशी अन्यत्र गेल्यावरही प्रवासी मात्र राहिले. मार्ग बांधणाऱ्यांचा हेतू आणि मार्ग वापरणाऱ्यांची गरज यांमधील हे अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम बंदराचा विचार केला पाहिजे. मुंबई बंदराचा कारभार १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टकडे आला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, या गोद्या सुरू झाल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत माझगाव ते शिवडी या पट्ट्यात समुद्र हटवून वखारींसाठी विस्तीर्ण जमीन तयार करण्यात आली, आणि कुलाब्याची कापसाची पेठ पुढे शिवडीकडे हलविण्यात आली. या नव्या पूर्व किनाऱ्यास मुख्य मार्गाशी जोडणे अपरिहार्य होते. १२ डिसेंबर १९१० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा कुर्ला ते रे रोड हा मार्ग खुला झाला. १९१५ मध्ये पोर्ट ट्रस्टने गोद्यांसाठी स्वतःची रेल्वे सुरू केली. स्थानकांची नावे या संदर्भात साक्षीदाराचे काम करतात. रे रोड व सँडहर्स्ट रोड ही नावे दोन गव्हर्नरांची आहेत. परंतु डॉकयार्ड रोड आणि कॉटन ग्रीन ही नावे गोदी व कापूस यांची आहेत. शेजारच्या वस्तीचा उल्लेख त्यांत नाही.

कुर्ल्याहून निघालेला मार्ग रे रोडपाशी थांबत असल्याने शहराच्या व्यापारी भागाशी त्याचा थेट संबंध नव्हता. तो व्हिक्टोरिया टर्मिनसपर्यंत न्यावयाचा तर मुख्य मार्ग ओलांडणे भाग होते, आणि तेथे दाट वस्ती होती. यावर उन्नत मार्गाचा उपाय योजण्यात आला. मशीद स्थानक सोडल्यावर हार्बरचे रूळ चढू लागतात. सँडहर्स्ट रोड येथे मुख्य मार्गाचे फलाट खाली आणि हार्बरचे वर, अशी दुमजली रचना आहे. तेथून पूर्वेस वळून मार्ग डॉकयार्ड रोडकडे जातो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या सुमारे १६ किलोमीटरच्या मार्गावरील विद्युत गाडीचे उद्घाटन झाले. भारतातील ही पहिली विद्युत गाडी होय.

विजेची निवड केवळ नावीन्यासाठी झाली असे मानणे योग्य होणार नाही. थोड्या थोड्या अंतरावर थांबणाऱ्या गाडीस पुनःपुन्हा वेग घ्यावा लागतो. त्यात चढाची भर पडली की वाफेचे इंजिन मंदावते. शिवाय अखेरच्या स्थानकात ते सोडवून दुसऱ्या टोकास जोडण्यात वेळ जातो व रूळ अडून राहतात. विद्युत गाडीस दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. चालक फलाटावरून चालत दुसऱ्या टोकास गेला की गाडी परत निघण्यास सिद्ध होते. उपनगरी वाहतुकीचे सारे वेळापत्रक या साध्या सोयीवर उभे आहे.

कुर्ल्याच्या पूर्वेकडील फाट्याचा इतिहास याहून बोलका आहे. कुर्ला-चेंबूर हा एकेरी मार्ग १९०६ मध्ये शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी घालण्यात आला. प्रवाशांस तो १९२४ मध्ये खुला झाला. फाळणीनंतर चेंबूरला निर्वासितांची छावणी वसली. १९५४ पासून तुर्भ्यास अणुशक्ती संशोधन केंद्र उभे राहू लागले आणि त्याच सुमारास माहुलला तेलशुद्धीकरणाचे कारखाने निघाले. ज्या रुळांनी शहराने आपला कचरा बाहेर टाकला, त्याच रुळांच्या आधाराने शहराने पुढे माणसे वसविली. येथे मार्ग आधी आहे व वस्ती नंतर.

खाडीपलीकडील विस्तारात हा क्रम योजनापूर्वक स्वीकारलेला दिसतो. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नव्या मुंबईच्या उभारणीत मानखुर्द-बेलापूर मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग उचलला. १९९२ मध्ये गाडी ठाण्याची खाडी ओलांडून वाशीस आणि १९९८ मध्ये पनवेलीस पोहोचली. येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. १९८९ मध्ये खाडीपलीकडेच न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले होते व जुन्या गोद्यांचा माल तिकडे जाऊ लागला होता. हार्बर शाखा ज्या मालासाठी जन्मास आली तो माल खाडी ओलांडून गेला, आणि तीनच वर्षांनी शाखाही खाडी ओलांडून गेली. पण ती गेली माणसे घेऊन.

मूळ हेतूची खूण मात्र पुसली गेली नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते वडाळा या भागात या शाखेस रुळांची एकच जोडी आहे. वडाळ्यास मार्ग दुभंगतो. एक फाटा माहीमवरून अंधेरीकडे व २०१८ पासून गोरेगावपर्यंत जातो. दुसरा कुर्ल्यावरून पनवेलीस. दोन दिशांचे प्रवासी एकाच जोडीवर सामावावे लागत असल्याने एका फाट्यावरील गाड्या वाढविणे म्हणजे दुसऱ्याच्या वाट्यातून घेणे होय. उन्नत स्थानकांचे फलाट वाढविणेही कष्टाचे. बारा डब्यांच्या गाड्या अन्य मार्गांवर १९८० नंतरच्या दशकातच सुरू झाल्या. हार्बरला त्या २०१६ मध्ये मिळाल्या. विजेच्या बाबतीतही असाच विपर्यास घडला. १९२५ मध्ये योजलेला १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह बदलून २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणण्याचे काम मुंबईत टप्प्याटप्प्याने झाले व एप्रिल २०१६ मध्ये हार्बर शाखेवर संपले. वीज जिला सर्वांआधी मिळाली, तिनेच जुना प्रवाह सर्वांनंतर सोडला.

यावरून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध असा की, लोहमार्गाचा इतिहास त्याच्या उद्घाटनाच्या तारखांत संपत नाही. गोदी व वखारी यांच्या हिशेबाने ठरलेली रुळांची संख्या आणि फलाटांची लांबी शंभर वर्षांनंतरही प्रवाशाच्या वाट्यास येणारी जागा ठरवीत असते. हार्बरच्या प्रवाशांस होणारी दाटी ही केवळ आजच्या व्यवस्थेतील उणीव नव्हे; तिची मुळे १९१० च्या आखणीत आहेत. आणि हे जर खरे असेल, तर आज घातल्या जाणाऱ्या प्रत्येक मार्गाची आखणी ही, अद्याप वस्तीस न आलेल्या माणसांविषयी घेतलेला निर्णय आहे, असेच मानले पाहिजे.