हेळवाकची तागडी

माझ्या औषधांच्या दुकानात, फ्रिजवर, आजोबांची पितळी तागडी ठेवलेली आहे. कोयना धरणाआधी ते हेळवाकला हिरडा विकत घ्यायचे. वरच्या सड्यांवरचे गवळी-धनगर डोक्यावर ओझी घेऊन उतरत. चैत्र-वैशाखात गळालेला कोवळा बाळहिरडा औषधाचा, हिवाळ्यात पिकलेला मोठा हिरडा कातडी कमावायचा. खरा खप मोठ्याला. कुंभार्ली घाट उतरून माल चिपळूणला जाई, तिथून मुंबईला. आणि मुंबईचा हिरडा त्या काळी विलायतेच्या कातडी कारखान्यांपर्यंत पोचत असे.

आजोबा तोलण्याआधी मूठभर हिरडे खुळखुळवून बघत. वाजला तर सुका. ओला वजनाला भरतो आणि पोत्यात बुरशी धरतो, म्हणून ओझं ओळखीच्या माणसाचं असलं तरी परत जाई.

1964 पर्यंत धरण उभं राहिलं, शिवसागरात गावं गेली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपात आमचं घर पडलं, तेव्हा वडिलांनी ही तागडी ढिगाऱ्यातून काढली. कातडी कमावायला क्रोम आलं होतं, हिरड्याचा भाव उतरला होता. 1985 मध्ये जंगलाचं अभयारण्य झालं. आमची खरेदी तोवर बंदच पडली होती.

आता हिरडा माझ्याकडे डबीतून येतो. त्रिफळा गुग्गुळातला हिरडा सह्याद्रीच्या ओळखीचा, गुग्गुळ मात्र कच्छ-राजस्थानच्या कोरड्या माळावरचा डिंक. कोलेस्टेरॉलची गोळी सोडून हीच डबी मागणारे पुष्कळ येतात. त्यांची श्रद्धा पोकळ नाही, हे मी आधी सांगतो. सुश्रुतसंहितेत मेदोरोगावर गुग्गुळ आहे. त्याच धाग्यावरून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले आणि 1966 मध्ये प्रबंध दिला. चरबी उतरताना दिसली. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळाचा अर्क तयार केला आणि 1980 च्या दशकात त्याला देशात विक्रीची परवानगी मिळाली. मला या कामाचा अभिमान वाटतो.

पण 2003 मध्ये अमेरिकेत 103 माणसांवर आठ आठवडे चाचणी झाली. नुसत्या बनावट गोळ्या घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल सुमारे 5 टक्क्यांनी उतरलं, गुग्गुळ घेणाऱ्यांचं 4-5 टक्क्यांनी चढलं. काहींच्या अंगावर पुरळ उठलं. वाचून मला वाईट वाटलं, तरी वजन हातात होतं.

आणि कोलेस्टेरॉलची ती गोळी, स्टॅटिन, म्हणजे तरी काय? जपानच्या अकिरा एन्डो यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि 1970 च्या दशकात पेनिसिलियमच्या एका जातीत पहिलं स्टॅटिन शोधलं. बाजारात आलेलं पहिलं स्टॅटिनही बुरशीतलंच, त्याला अमेरिकेत 1987 मध्ये परवानगी मिळाली. आजोबांनी ज्या बुरशीपायी ओझी परत पाठवली, तिच्याच गोतातलं औषध नातू विकतो. म्हणून झाडपाला म्हणजे निसर्ग आणि गोळी म्हणजे केमिकल, ही विभागणी मला पटत नाही. प्रश्न एवढाच, काय तोलून घेतलं गेलं.

धरण प्रकल्पातून निवृत्त झालेले आमच्या आळीतले एक आबा गेल्या वर्षी आले. हृदयात स्टेंट बसवलेली, आणि गोळी सहा महिने बंद. हिरड्याचं चूर्ण मात्र चालू होतं.

"आबा, हिरडा पोटाला चांगला, मीही घेतो. पण गोळी कुणाला विचारून सोडली?"

"झाडाचं हाय, त्याला काय इचारायचं?"

मी त्यांना तागडी दाखवली, आजोबांचं खुळखुळवणं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, त्यांची आई हिरड्याचं ओझं घेऊन हेळवाकला यायची, आणि एकदा परत आलेलं ओझं तिनं अंगणात चार दिवस वाळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते रक्त तपासायला कराडच्या एसटीत बसले. चूर्णाची डबीही पिशवीत होती, डॉक्टरांना दाखवायला.