खाऱ्या पट्ट्यातली पाणपोई

गजानन महाराजांच्या पोथीतली भास्कर पाटलाची गोष्ट वऱ्हाडात लहान पोरालाही ठाऊक असते. अकोलीच्या शिवारात भर दुपारी महाराज पाणी मागतात, भास्कर नाही म्हणतो, आणि मग बारा वर्षं कोरड्या पडलेल्या विहिरीला पाणी लागतं. सांगणारे चमत्कारावर रमतात. मला भास्करचा नकार जास्त ओळखीचा वाटत आला आहे. गावातून डोक्यावर वाहून आणलेली घागर, ती कुणा धट्ट्याकट्ट्या वाटसरूला का द्यायची? धर्मच करायचा तर आंधळ्या-पांगळ्याला करावा, असा त्याचा हिशेब.

हा हिशेब कळायला पूर्णेचं खोरं पाहावं लागतं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहीर खणली की पाणी लागतं, पण गाळाच्या थरांत मुरलेले क्षार त्याच्यासोबत वर येतात. वाळवंटात पाणी नसतं. इथे ते समोर दिसतं आणि पिववत नाही. त्यामुळे या भागातली पाणपोई म्हणजे नुसती उन्हाळ्यातली पुण्याई नव्हे. गोडं पाणी दुरून आणायचं, रांजण भरायचे आणि येईल त्याला ओतून द्यायचे.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हे ओतून देणंही अवघड केलं. दुसरा जास्त भयानक. मारवाडात त्यालाच छपनिया म्हणतात. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत जवळपास २९ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. १८८० च्या फॅमिन कमिशननंतर सरकारी मदतीची चौकट ठरून गेली होती. अंगात बळ असेल त्याने खडी फोडावी, माती वाहावी आणि मजुरी घ्यावी; नसेल त्याला गरीबखाना. रस्त्याने भटकणारे भुकेले हा त्या चौकटीत न बसणारा माणूस होता, त्याला कुठेतरी नेऊन बसवायचं असे. भास्करचाच हिशेब, फक्त कायद्याच्या भाषेत.

त्याच वर्षांत मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला एक तरुण शेतकरी राबत होता: डेबूजी झिंगराजी जानोरकर. १ फेब्रुवारी १९०५ ला त्याने घर सोडलं आणि पुढे तो गाडगेबाबा झाला. बाबांच्या खराट्याबद्दल आपण खूप बोलतो, धर्मशाळांबद्दल कमी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, नाशिक-आळंदीच्या धर्मशाळा, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी केलेली सोय, आणि आमच्या वाटेवरचं मूर्तिजापूर. स्वतः बाबा आधी झाडझूड करायचे, मगच भाकर घ्यायचे. पण ही अट त्यांनी स्वतःला घातली होती, पंगतीला बसणाऱ्याला नाही. दशसूत्रीत भुकेला आणि तहानलेला सगळ्यांत आधी येतात, त्यांच्यामागे कुठलंही 'जर' नाही.

२०२० च्या मे महिन्यात हे सगळं मला फार आठवलं. सुरत-धुळ्याकडून येणारा हायवे मलकापूर, खामगाव, बाळापूर, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला जातो. उत्तर प्रदेशचे बहुतेक लोक धुळ्याहूनच आग्रा रोडला वळत. आमच्याकडून जाणारे जास्त करून छत्तीसगड, ओडिशा, झारखंडचे. २९ मार्चच्या केंद्राच्या आदेशाने जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या होत्या, चालणाऱ्याला अडवून छावणीत ठेवायचं होतं. लोक तरी चालत होते, रात्री जास्त. ८ मे ला करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, त्यानंतर एसटीने राज्याच्या सीमेपर्यंत फुकट नेण्याची सोय केली. अकोला तेव्हा रेड झोनमध्ये, उन्हाचा पारा ४५ च्या आसपास. गावागावांनी वेशीवर बोराट्या टाकलेल्या.

आम्ही आठ-दहा जण बडनेऱ्याच्या अलीकडे झाडाखाली रांजण, मसालेभाताचा गंज आणि जुन्या चपलांचं पोतं घेऊन बसायचो. भात रोज उरायचा. चपला दुपारपर्यंत संपायच्या, आणि लहान मापाच्या कधीच पुरल्या नाहीत. आमच्यातही रोज वाद. "आपल्या गावात टँकर येते, अन् आपण रस्त्यावर पाणी वाटून राह्यलो," असं एक जण म्हणाला तेव्हा कुणाकडे उत्तर नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. भीतीही खोटी नव्हती. दोघांच्या घरच्यांनी त्यांना महिनाभर ओसरीत झोपवलं. शेजारच्या शेतातले म्हातारे काका मात्र वादात पडायचे नाहीत. येईल त्याला लांबून हाक द्यायचे, "बसा बापा जरा, पाणी प्या, मंग जा."

२८ मे ला सर्वोच्च न्यायालयाने प्रवासाचं भाडं मजुरांकडून घेऊ नये आणि जेवण सरकारांनी द्यावं, असं सांगितलं. तोवर रस्त्यावरची गर्दी ओसरायला लागली होती.

शेवटच्या दिवसांत एक जोडपं आलं, बाईच्या कडेवर मूल. पाणी प्याले, बाटल्या भरून घेतल्या. माणसाने विचारलं, "नागपूर कितना है?" दीडशे किलोमीटर तरी असेल. आमच्यातला एक पटकन बोलून गेला, "बस, पास में है." तो हसला, चप्पल पायात सरकवली आणि बायकोला म्हणाला, चल. ती आमच्याकडे बघत होती. तिचा विश्वास बसला नव्हता.