महाप्रसादगृहातील मोटरयंत्रे : प्लग व सॉकेटविषयी विद्युत नियम

श्रींच्या कृपेने आपल्या देवस्थानात वार्षिक जत्रा, नवरात्र व समाराधनेच्या निमित्ताने हजारो भाविक महाप्रसादाचा लाभ घेतात. या सेवेत वाटण्याचा ग्राइंडर, कणीक मळण्याचे यंत्र, पाण्याचा पंप, उभे पंखे, तसेच आरतीच्या वेळचा यांत्रिक नगारा अशी मोटरवर चालणारी अनेक उपकरणे वापरली जातात. ओली फरशी व अनवाणी सेवेकरी अशा ठिकाणी विजेचा दोष थेट जिवावर बेतू शकतो. म्हणून महाजन, कुळावी व सेवेकरी यांच्या माहितीसाठी संबंधित नियमांचे सार आम्ही येथे देत आहोत.

१) प्लगची क्षमता
घरगुती प्लग व सॉकेटसाठी भारतीय मानक आय.एस. १२९३ लागू आहे. त्यात ६ व १६ अँपियर अशा दोन क्षमता आहेत. जुन्या वायरिंगमध्ये यांनाच ५ व १५ अँपियर म्हणत. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तथापि मोटरमधील ऊर्जानाश व पॉवर फॅक्टर विचारात घेता, २३० व्होल्टवरील एक अश्वशक्तीची मोटर साधारण ६ अँपियर किंवा त्याहून अधिक प्रवाह घेते. थेट सुरू होताना तर हा प्रवाह काही क्षण पाच ते सात पट होतो. यास्तव अशा यंत्रास १६ अँपियरचा प्लग, स्वतंत्र वायर व योग्य एम.सी.बी. असावा. 'बी' प्रकारचा एम.सी.बी. तीन ते पाच पट प्रवाहास तत्काळ तुटतो, 'सी' प्रकारचा पाच ते दहा पटीस. म्हणून मोटरसाठी सामान्यतः 'सी' प्रकार निवडतात.

२) तिसरी पिन
अर्थिंगची पिन मुद्दाम लांब व जाड ठेवलेली असते. प्लग बसवताना ती प्रथम जोडली जाते व काढताना शेवटी सुटते. त्यामुळे यंत्राचा सांगाडा अर्थिंगशिवाय वीजप्रवाहाशी जोडला जात नाही. ही पिन कापणे, दोन पिनांचा जोड वापरणे किंवा उघड्या तारा काडीने सॉकेटमध्ये खोचणे हे प्रकार जत्रेच्या घाईत सर्रास दिसतात. ते सर्वस्वी वर्ज्य मानावेत.

३) थ्री-फेज यंत्रे
मोठ्या यंत्रांसाठी आय.ई.सी. ६०३०९ मानकाचे औद्योगिक प्लग योग्य होत. त्यांत निळा रंग २०० ते २५० व्होल्टचा व तांबडा ३८० ते ४८० व्होल्टचा निदर्शक आहे. अर्थ-पिनेचे स्थान व्होल्टेजनुसार बदलत असल्याने चुकीचा प्लग बसतच नाही. ओलसर जागी किमान आय.पी. ४४ दर्जा पाहावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार (२०१० चे विनियम जाऊन २०२३ चे आले) २५० ते ६५० व्होल्टच्या मोटरच्या सांगाड्यास दोन स्वतंत्र अर्थिंग जोडण्या आवश्यक आहेत.

४) गळतीपासून व अचानक सुरू होण्यापासून संरक्षण
एम.सी.बी. वायरचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसासाठी ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. हवा; त्यावरील 'टी' बटण दाबून तो तुटतो की नाही हे वेळोवेळी पाहावे. तसेच वीज जाऊन परत आल्यावर ग्राइंडर आपोआप फिरू लागला तर आत हात असलेल्या सेवेकऱ्यास गंभीर इजा होईल. यासाठी 'नो-व्होल्ट' कॉइल असलेला स्टार्टर बसवावा. वीज आल्यावर तो पुन्हा हाताने चालू करावा लागतो.

५) वापरताना
प्रथम स्विच बंद करावा, मगच प्लग काढावा. चालू मोटरचा प्लग ओढल्यास ठिणगी उडते व पिना जळतात. साफसफाईपूर्वी प्लग पूर्णपणे काढून ठेवावा. गुंडाळलेल्या एक्स्टेन्शन वायरवर मोटर चालवू नये. वेटोळ्यातील उष्णता बाहेर न पडल्याने वेष्टण वितळते. प्लग तापला, काळवंडला किंवा सैल झाला तर तो तत्काळ बदलावा.

वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घेण्याचा नियम आहे. मंडप उभारणाऱ्यांनी व यंत्रे भेट देणाऱ्या दात्यांनीही वरील बाबी ध्यानी घ्याव्यात. अन्नदान ही सेवा आहे. ती करणारे हात सुरक्षित राहावेत, हीच आमची सर्वांना नम्र विनंती.