पलगै पडम् : फळीवरचे दैवत

तंजावरच्या चित्रांना तमिळमध्ये ‘पलगै पडम्’ म्हणजे ‘फळीवरचे चित्र’ म्हणतात. विषयाऐवजी लाकडाचे नाव घेणारी ही संज्ञा मोठी मार्मिक आहे. १६७६च्या सुमारास स्थापन झालेल्या भोसल्यांच्या राज्यात, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या काळी (१७९८–१८३२), ही कला बहरली.

फणसाच्या फळीवर कापड चिकटवावयाचे, खडूची पूड व डिंक यांच्या लेपाने दागिने आणि महिरपी उठवावयाच्या, त्यांवर सोन्याचा वर्ख व काचेचे खडे बसवावयाचे, अशी ही रीत. जपानी ठशांत चेरीच्या लाकडाचा घट्ट पोत केसासारखी रेषा पेलतो. ठशावरचा ओला रंग पुसत नेल्याने हिरोशिगेचे आकाश खाली फिकट होत जाते. म्हणून तेथे पाऊस आणि प्रवास साधतो. येथे उठाव व सोने गतीला थारा देत नाहीत. दैवत समोर, निश्चल बसते. मात्र समईची ज्योत हलली की उंचवट्यांवरचे तेजही हलते, आणि निश्चल मूर्तीत प्राण येतो.

चेन्नईच्या एगमोर संग्रहालयात विजेच्या एकसारख्या प्रकाशात ही चित्रे कोणास भडक वाटली, तर तो दोष चित्रकाराचा नव्हे. देवघरातील ज्योत ही त्याच्या सामग्रीपैकीच एक होती. तीच तेवढी आपण मागे ठेवून आलो आहोत.