चूक कोणाची?

वसईच्या एका शाळेत आम्ही शिक्षकांसाठी संगणकाचा वर्ग घेत होतो. प्रणाली अद्ययावत होता होता मध्येच अडली आणि पडद्यावर एक लांबलचक आकडा उमटला. समोरच्या बाईंनी चटकन हात मागे घेतला. "सर, मी काहीच दाबलं नाही हो!" अडले होते यंत्र, अपराधी वाटले बाईंना. असे का व्हावे?

त्यासाठी थोडे मागे जाऊ. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात, सुरू होताना यंत्राची तपासणी करणाऱ्या मूळ आज्ञावलीला जागा होती अवघी ८ किलोबाइट. तेथे लांब वाक्ये परवडत नसत. कळफलक बिघडला की पडद्यावर ३०१ हा आकडा येई. तो पाहून तंत्रज्ञ पुस्तिका उघडत असे. पुढे संगणक शाळाशाळांत पोचले. पुस्तिका मागे राहिली, आकडे मात्र सोबत आले.

हे आकडे निरर्थक नसतात. विंडोज अद्ययावत होताना कधी कधी ८००७००७० हा संकेत दिसतो. तो सोळाच्या पायात लिहिलेला असतो. त्यातील शेवटचे ७० म्हणजे ७ × १६ = ११२. विंडोजच्या यादीत ११२ चा अर्थ आहे 'डिस्कवर पुरेशी जागा नाही'. म्हणजे कारण यंत्राला ठाऊक असते. ते आपल्याला कळेल असे सांगत नाही, इतकेच.

शब्द आले तेही दरडावणारे. विंडोज ९५ मध्ये एखादी आज्ञावली कोसळली, की तिने 'बेकायदेशीर कृती' केल्याचा संदेश येई. वास्तविक अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९८२ सालीच असे शब्द टाळावेत असे सुचवले होते. संदेश नेमका असावा, पुढे काय करावे ते त्यात असावे, दोष वापरणाऱ्याच्या माथी मारू नये, असे त्यांचे म्हणणे. नेमक्या संदेशांमुळे शिकाऊ माणसे चुका अधिक चांगल्या दुरुस्त करतात, हे त्यांच्या प्रयोगांत दिसले होते.

१९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. पुढे संदेश मराठीत येऊ लागले. पण 'इनव्हॅलिड' या शब्दाचे झाले 'अवैध'. आपल्याकडे अवैध असते ते बांधकाम नाही तर दारू! कायद्याचा धाक असा मागल्या दाराने परतला. 'अवैध पासवर्ड' ऐवजी 'पासवर्ड जुळला नाही' म्हटले तर काय बिघडते?

वर्गात आम्ही फळ्यावर लिहिले: 'डिस्कवर जागा कमी पडल्यामुळे काम थांबले आहे. नको असलेल्या फायली काढा आणि पुन्हा प्रयत्न करा.' बाईंनी ते दोनदा वाचले. मग हळूच म्हणाल्या, "सर, गणिताच्या वह्यांवर मीही नुसती लाल फुलीच मारते."

यावर आम्ही काय बोलणार? फुलीशेजारी एक वाक्य लिहायला वहीत जागा पुष्कळ असते.