रंग दिसेनासे झाले तेव्हा

मंडळी, आज व्हिक्टोरिया सरोवर. पूर्व आफ्रिकेतलं हे अवाढव्य तळं एकदा पार आटलं होतं. साधारण 15,000 वर्षांपूर्वी पुन्हा भरलं आणि त्यात सिक्लिड माशांच्या 500च्या आसपास जाती झाल्या. इतक्या झटपट? मला पटतच नव्हतं. 2017 मध्ये जीनोमवरून उलगडा झाला: सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी काँगोकडच्या आणि वरच्या नाईलकडच्या माशांचा संकर झाला होता. म्हणजे जनुकांचे पत्ते जुनेच, डाव नवे. रंग ओळखणारं डोळ्यातलं जनुकही त्यातलंच.

1950च्या दशकात माणसांनी तिथे नाईल पर्च हा शिकारी मासा सोडला. 1980च्या दशकात तो बेसुमार वाढला, जवळपास 200 जाती दिसेनाशा झाल्या. पाणीही गढूळलं. मादीला नराचा रंगच कळेना, आणि उरलेल्या जाती एकमेकींत मिसळू लागल्या.